आधी सांधा, मग भाग: कमी पैशांतल्या गेमिंग पीसीचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारलं, "इतिहासाच्या व्याख्यानात ग्राफिक्स कार्ड कशाला आणताय?" शंका रास्त आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

ओळखीपाळखीतली मुलं माझ्याकडे येतात. कुणी अकरावी-बारावीचं, कुणी इंजिनीअरिंगचं, कुणाचा पहिला पगार नुकताच झालेला. प्रश्न ठरलेला असतो. "सर, वीस-पंचवीस हजार जमलेत. पीसी जुना आहे, नवीन गेम अडखळतो. त्यात काय बदलू?" आता यातलं 'त्यात काय बदलू' हे जरा नीट ऐका. मुलगा नवा संगणक मागत नाहीये. आहे त्यातला एक भाग काढून दुसरा बसवता येतो, हे तो धरूनच चालतो. हाच मुलगा मोबाइल हळू झाला की काय करतो? नवा मोबाइल घेतो. जुन्यात जास्तीची रॅम बसवावी असं त्याच्या मनातही येत नाही. दोन्ही यंत्रं शेवटी संगणकच. मग एकाच्या बाबतीत जे सहज वाटतं ते दुसऱ्याच्या बाबतीत सुचतसुद्धा नाही, हे कसं झालं? ते समजून घ्यायला मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की 'काय बदलू' याचं उत्तरही बरंचसं मिळतं.

दोन भाग जिथे एकमेकांना जोडले जातात, त्या जागेला मी आज 'सांधा' म्हणणार आहे. प्रोसेसरचं सॉकेट हा एक सांधा. ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट हा दुसरा. एसएमपीएसमधून येणारी वायर जिथे खोचतो तो तिसरा. कमी पैशांत पीसी सुधारणाऱ्यांचं आजवर जे भलं झालं ते या सांध्यांमुळे, आणि ते फसले तेही बहुधा सांध्यापाशीच. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: आधी सांधा बघा, मग भाग निवडा.

गोष्ट सुरू होते १२ ऑगस्ट १९८१ ला. त्या दिवशी आयबीएमने न्यूयॉर्कमध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. किंमत १,५६५ डॉलरपासून पुढे. आयबीएम म्हणजे त्या काळातली बडी असामी, आपल्या यंत्रातले महत्त्वाचे भाग स्वतःच बनवायची सवय असलेली. पण या खेपेला घाई होती. फ्लोरिडात बोका रॅटन इथल्या एका छोट्या गटाला साधारण वर्षभरात यंत्र बाजारात आणायचं होतं. म्हणून त्यांनी बाहेरचे तयार भाग उचलले. प्रोसेसर इंटेलचा, ८०८८. डॉस मायक्रोसॉफ्टकडून. मदरबोर्डवर पाच स्लॉट ठेवले. त्यात बसतील अशी कार्डं इतरांनी बनवावीत म्हणून तांत्रिक माहितीचं पुस्तक छापून विकायलाही काढलं. त्यात सर्किटचे आराखडे होते आणि बायॉसचा अख्खा प्रोग्रॅमही होता.

स्लॉटची कल्पना काही आयबीएमची नव्हे, बरं का. १९७७ च्या ॲपल टूमध्येही आठ स्लॉट होते. खरा फरक पुढे पडला. आयबीएमच्या यंत्रात, जिच्यामुळे ते 'आयबीएमचं' ठरावं अशी मुख्य वस्तू एकच होती, ती म्हणजे बायॉस. यंत्र सुरू झाल्याबरोबर भागांची एकमेकांशी ओळख करून देणारा हा प्रोग्रॅम. त्यावर कॉपीराइट होता. जशाच्या तशा नक्कल करणाऱ्याला कोर्टात खेचता येत होतं.

टेक्सासमधल्या कॉम्पॅक नावाच्या नव्या कंपनीने यातून वाट काढली. एका गटाने बायॉस अभ्यासला आणि तो काय काय काम करतो एवढंच लिहून काढलं. दुसऱ्या गटाने, ज्याने मूळ प्रोग्रॅम डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, त्या वर्णनावरून नवा बायॉस लिहिला. काम तेच, मजकूर स्वतःचा. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅकने आपलं यंत्र जाहीर केलं. १९८४ मध्ये फीनिक्स या कंपनीने असाच बायॉस तयार करून तो इतर उत्पादकांना द्यायला सुरुवात केली. झालं! आता आयबीएमची पाटी नसलेला, पण आयबीएमच्या पीसीसारखाच चालणारा बोर्ड कुणालाही बनवता येऊ लागला.

आयबीएमला आपली चूक कळली नाही असं नाही. १९८७ मध्ये तिने पीएस/टू ही नवी मालिका आणली आणि तिच्यातल्या बऱ्याच यंत्रांत मायक्रो चॅनल नावाचा नवा स्लॉट बसवला. तांत्रिकदृष्ट्या तो सरस होता. पण लोकांनी पैसे मोजून घेतलेली जुनी कार्डं त्यात बसत नव्हती, आणि इतर कंपन्यांना तो वापरायचा तर आयबीएमला परवान्याचे पैसे द्यावे लागणार होते. तेव्हा १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुनी कार्डंही बसतील असा आपला वेगळा स्लॉट जाहीर केला. पुढे इंटेलच्या पीसीआय स्लॉटने हे दोन्ही मागे टाकले, ते सोडा. मुद्दा असा की बाजारातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने सांधा बंद करून पाहिला आणि तिला तो बंद करता आला नाही. आपल्याला भाग निवडता येतात ते यामुळे. ही सोय कुणी खुशीने दिलेली नाही. घाईत राहून गेलेली ती एक फट आहे, आणि इतरांनी ती बुजू दिली नाही.

ही फट आपल्याकडे पोचली ती लॅमिंग्टन रोडवर. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून हे नाव विचारलंत तर विचारात पडणारेच जास्त भेटतील. (हशा) नव्वदच्या दशकात तिथे, दिल्लीत नेहरू प्लेसला, आणि मग गावोगावच्या छोट्या दुकानांत दोन शब्द रुळले: 'ब्रँडेड' आणि 'असेंबल्ड'. ब्रँडेड म्हणजे बंद खोका, बँकेत नाहीतर कंपनीत दिसणारा. असेंबल्ड म्हणजे आपला. दुकानदार कागदावर एकाखाली एक लिहायचा: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, मॉनिटर. पुढे आकडे. मग आपण एकेका ओळीवर घासाघीस करायची. तो कोटेशनचा कागद म्हणजे बोका रॅटनच्या त्या घाईचं मराठी घरातलं रूप. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणक आणि त्याच्या बहुतेक भागांवरचं मूळ सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. त्यामुळे मध्यमवर्गाला त्या कागदावरची एखादी ओळ दोन-तीन वर्षांनी बदलणं परवडायला लागलं.

आता गेमकडे येतो. ऑफिसच्या कामात प्रोसेसर थोडा मंद असला तर माणूस चहा पिऊन येतो. गेममध्ये तो चुकलेला क्षण लगेच डोळ्यांना दिसतो. म्हणून कोणता भाग खरोखर कामाचा, हे गेमने फार निर्दयपणे दाखवून दिलं.

याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण १९९६ चं आहे. सायरिक्स कंपनीचा ६एक्स८६ प्रोसेसर इंटेलच्या पेंटियमपेक्षा स्वस्त होता. त्याच्या एका नमुन्यावर 'पी१६६+' असं लिहिलेलं असे, पण तो चालायचा १३३ मेगाहर्ट्झवर. म्हणजे दावा असा की हा १६६ च्या पेंटियमच्या तोडीचा आहे. आणि रोजच्या ऑफिसकामात हा दावा खोटा नव्हता. मग जून १९९६ मध्ये 'क्वेक' हा गेम आला. त्याची त्रिमितीतली सगळी गणितं दशांश चिन्हाच्या आकड्यांची, आणि ती करणारा प्रोसेसरमधला विभाग पेंटियममध्ये तगडा होता, सायरिक्समध्ये कमजोर. काटकसर करून सायरिक्स घेतलेल्यांचा क्वेक रखडत चालू लागला. भाग वाईट नव्हता, पण ज्या कामासाठी घेतला त्या कामाचा नव्हता. आजही खोक्यावरचा आकडा बघून खरेदी करणाऱ्याची हीच गत होते.

त्याच वर्षी दुसरी, उलट दिशेची गोष्ट घडली. थ्रीडीएफएक्स या कंपनीची 'व्हूडू' चिप आली. तिचं कार्ड फक्त त्रिमितीचं काम करायचं. म्हणून तुमचं जुनं साधं कार्ड काढायचं नाहीच. व्हूडू शेजारच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसवायचं आणि जुन्या कार्डातून एक छोटी केबल त्याच्यात आणायची. गेम सुरू झाला की पडद्याचा ताबा व्हूडू घेणार, गेम बंद केला की जुन्याकडे परत. जुनं काहीही फेकायचं नाही आणि खेळ एकदम वेगळ्याच पातळीवर. अपग्रेड शब्दाचा इतका शुद्ध नमुना मी पुन्हा पाहिला नाही. पण खुद्द कंपनी टिकली नाही. २००० च्या डिसेंबरमध्ये तिची मालमत्ता विकत घेण्याचा सौदा प्रतिस्पर्धी एनव्हिडियाने जाहीर केला. सांधा मात्र टिकला. व्हूडू काढून त्याच पीसीआय स्लॉटमध्ये दुसऱ्या कंपनीचं कार्ड घालता येत होतंच.

तिसरी गोष्ट ऑगस्ट १९९८ ची, सेलेरॉन ३००ए ची. इंटेलने स्वस्तातला म्हणून हा प्रोसेसर काढला. तो ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर साडेचार पटीने, म्हणजे ३०० वर चालायचा. पण त्याच सुमाराचे चांगले मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झच्या बसचे होते. लोकांनी बोर्डावर सेटिंग बदललं. साडेचार गुणिले शंभर, ४५०! इंटेलचा महागडा पेंटियम टू तेव्हा ४५० वरच विकला जात होता. प्रत्येक चिपला हे जमायचं असं नाही आणि वॉरंटी तर जायचीच. पण अनेकांच्या अनेक चिपना जमलं. इथेही करामत चिपपेक्षा सांध्याची होती. बोर्ड चिपच्या मानाने पुढचा घेतलेला होता, म्हणून चिपला पुढे जायला जागा मिळाली.

मात्र याच काळात एक दार बंद झालं. त्याआधी सॉकेट ७ नावाच्या एकाच सॉकेटमध्ये इंटेल, एएमडी आणि सायरिक्स, तिघांचेही प्रोसेसर बसत. बोर्ड एक, पर्याय तीन. १९९७ मध्ये पेंटियम टूबरोबर इंटेलने 'स्लॉट वन' आणला आणि तो इतरांना वापरता येईना. एएमडीने पुढे आपलं वेगळं सॉकेट काढलं. तेव्हापासून आजपर्यंत प्रोसेसर निवडणं म्हणजे घराणं निवडणं झालंय. आधी सोयरिक ठरते, मग बाकीची खरेदी.

आणि सोयरीक किती वर्षं टिकते यावर बजेटवाल्याचं नशीब ठरतं. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आलं, २०१७ मध्ये त्यावर पहिले रायझन आले. मे २०२० मध्ये कंपनीने सांगितलं की पुढची रायझन ५००० ही पिढी फक्त नव्या, ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालेल. ज्यांनी 'हे सॉकेट टिकणार' या भरवशावर बी४५० बोर्ड घेतले होते, ते खवळले. एवढा गदारोळ झाला की त्याच महिन्यात कंपनीने शब्द फिरवला आणि ४०० मालिकेला परवानगी दिली. २०२२ मध्ये त्याहून जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही ती मिळाली. म्हणजे २०१७ चा बोर्ड, २०२२ चा प्रोसेसर. १९८८ मध्ये नऊ कंपन्यांनी जे केलं, ते इथे ग्राहकांनी ओरडून केलं.

पण सावध राहा. सांधा जुळला म्हणजे काम झालं, असंही नसतं. जानेवारी २०२२ मध्ये, कार्डांची टंचाई असताना, एएमडीने रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे १९९ डॉलरचं स्वस्त कार्ड आणलं. ते दिसायला पूर्ण स्लॉटमध्ये बसतं. पण सोळा पदरी रस्त्यातले ते फक्त चार पदर वापरतं. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्या चार पदरांतून सेकंदाला साधारण ८ जीबी माहिती जाते. तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर निम्मी, ४ जीबी. कार्डाची स्वतःची मेमरीही ४ जीबीच, ती भरली की सगळी भिस्त त्या रस्त्यावर. म्हणजे ज्याचा बोर्ड जुना आणि खिसा हलका, अशासाठी काढलेलं कार्ड नेमकं त्याच्याच घरी सर्वांत जास्त अडखळायचं. १९९६ च्या सायरिक्सची आठवण होते की नाही?

आता तिसरा सांधा, ज्याकडे कुणी बघत नाही. एसएमपीएस. इथे मी स्वतःचीच फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने नवं ग्राफिक्स कार्ड आणलं आणि कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस तसाच ठेवला. लेबलवर ४०० वॅट लिहिलं होतं. तीन आठवड्यांनी रात्री गेम चालू असताना फट् आवाज आला, जळका वास सुटला. एसएमपीएस गेलाच, जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. डिस्कवर बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. कार्डाचे पैसे पुढे वर्षभरात भरून निघाले. फोटो गेले ते गेले. ज्या कारागिराकडे यंत्र नेलं त्याने जुना एसएमपीएस नुसता हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, एवढ्या हलक्यात चारशे वॅट मावतात होय?" तेव्हापासून मी कुणालाही कार्डाआधी एसएमपीएसबद्दल विचारतो.

तर आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. एक खरीखुरी वाटेल अशी जोडणी धरू. २०१७ चा बी३५० बोर्ड, रायझन ५ १६००, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०५० टीआय, जुनी हार्ड डिस्क. पैसे मोजके. काय करायचं?

पहिलं, पैसे खिशातच ठेवायचे आणि गेम लावून त्याचं रिझोल्यूशन कमी करून बघायचं. फ्रेम वाढल्या तर अडचण कार्डात आहे. वाढल्याच नाहीत तर प्रोसेसर किंवा रॅममध्ये. या चाचणीला एक रुपया लागत नाही.

दुसरं, स्वस्त सांधे आधी. त्याच जातीची रॅमची दुसरी पट्टी घातली की मेमरी दुप्पट होते आणि दोन वाटांनी चालायला लागते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली की गेम उघडायचं थांबणं कमी होतं. फ्रेम मात्र त्याने फारशा वाढत नाहीत, तेव्हा ती अपेक्षा ठेवू नका.

तिसरं, प्रोसेसर. रायझन ५ ५६०० या बोर्डावर चालू शकतो, पण आधी बोर्ड बनवणाऱ्याच्या यादीत आपलं मॉडेल आहे का ते पाहा. आणि क्रम चुकवू नका: जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायॉस अद्ययावत करायचा, मगच तो काढायचा. उलटं केलंत तर पडदा काळाच राहील. गंमत बघा, १९८२ मध्ये ज्या बायॉसवरून सगळं रामायण घडलं, तो आजही दारात उभाच आहे.

चौथं, कार्ड, आणि ते एसएमपीएसबरोबरच मोजायचं. १०५० टीआय साधारण ७५ वॅटमध्ये भागवतं, म्हणजे स्लॉटमधून मिळते तेवढी वीज त्याला पुरते. आरएक्स ६६०० घेतलंत तर ते १३२ वॅटपर्यंत जातं, त्याला आठ पिनांची वेगळी वायर लागते. ती वायर तुमच्या एसएमपीएसला आहे का? असली तर तो भरवशाचा आहे का? नसेल तर कार्ड एक पायरी खालचं घ्या आणि उरलेले पैसे एसएमपीएसमध्ये घाला. सेकंड हँड कार्ड घ्यायला हरकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि मायनिंगला जुंपलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. चांगलीही निघतात. पण विक्रेत्यासमोर अर्धा तास गेम चालवून, पंखे ऐकून, मग पैसे द्या.

शेवटी एवढंच सांगतो. हे सांधे आता कमी होत चाललेत. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डकवलेली असते. घेताना जेवढी घेतली तेवढीच, आयुष्यभर. त्यामागे बारीकपणा आहे, बॅटरीची बचत आहे, वेग आहे, ही कारणं खोटी नाहीत. १९८७ चा मायक्रो चॅनलही जुन्या स्लॉटपेक्षा सरसच होता. तेव्हा लोकांनी विचारलं होतं, "आणि आमची जुनी कार्डं?" हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक दुकानात उभं आहे तोवर वीस हजार रुपये घेऊन येणाऱ्या मुलाला 'त्यात काय बदलू' असं विचारता येईल. ते उरलं नाही, तर त्या मुलाला एकच उत्तर मिळेल: सगळंच. आणि तेवढे पैसे त्याच्याकडे नसतात.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा. मात्र आपल्या एसएमपीएसचं लेबल वाचून आला असाल, तर तुमचा नंबर पहिला.